खाच

रायबंदरच्या त्या जुन्या घराला आता संस्था म्हणतात.
दारात नोंदणीचं टेबल, गळ्यात अडकवायच्या पट्ट्या,
तागाची पिशवी, आत वही, पेन, आणि
‘आग्नेय आशिया : सांस्कृतिक वैविध्य आणि इतिहास’
असं छापलेला पेला.
माझ्या पट्टीवर ‘चारी’चं ‘चारू’ झालेलं.
प्राचार्य म्हणाले होते, जाऊन या,
ग्रंथपालांनाही प्रमाणपत्र देतात.

पहिल्या सत्रात नकाशा.
नकाशावर बाण, सगळे आपल्याकडून तिकडे :
देव गेले, लिपी गेली, रामायण गेलं
होडीत भांडी भरावीत तसं.
परत येणारा बाण एकही नाही.
जणू रिकाम्या होड्या तिथंच बुडवून
माणसं पोहत घरी आली.
मी वहीत लिहिलं :
विहिरीकडचं बिंबल? जायफळ?
आईच्या एकादशीचा साबुदाणा कुणाच्या होडीतून आला?
विचारायला हात वर केला
आणि अध्यक्षांनी घंटी वाजवली.

जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे मनिलाच्या बाई.
पट्टीवर ‘लक्ष्मण’.
त्या हसल्या. म्हणाल्या, लाक्सामाना.
पूर्वी तिकडे आरमाराच्या प्रमुखाला म्हणायचे,
आमच्या घरातले बहुतेक वल्ही मारत असावेत.
मी म्हटलं, आमच्याकडे तो भावामागून वनात जातो,
चौदा वर्षं झोपत नाही.
त्यांनी सोलकढीचा घोट घेतला, विचार केला.
मग आरमारात घेतला ते बरोबरच, म्हणाल्या,
रात्रीच्या पहाऱ्याला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावरचं नीट दिसावं म्हणून
मुलांनी खिडक्या लावून घेतल्या.
काच नाही, शिंपल्या.
तळहाताएवढ्या, चौकोनी कापलेल्या,
आणि त्यांतून पातळ ताकासारखा उजेड
समोरच्या भिंतीवर, वक्त्याच्या अर्ध्या तोंडावर.
तो श्रीविजयच्या बंदरांबद्दल वाचत होता.
लाक्सामानाबाई मधूनच उठल्या,
खिडकीला हात टेकून उभ्या राहिल्या.
हे आमच्या घरी होतं, म्हणाल्या, हेच, एवढंच.
यातून माणूस दिसत नाही,
फक्त कुणीतरी येतंय एवढं कळतं.

चहाला त्यावरून वाद.
एकाच्या मते हे गोव्याहून मनिलाला गेलं,
दुसऱ्याच्या मते मनिलाहून गोव्याला,
तिसरा चीन म्हणाला आणि बिस्कीट बुडवलं,
ते तुटून कपात पडलं.
मी सांगितलं नाही
की माझ्या बाबांनी अशा किती खिडक्या उचकटल्या.
तेव्हा सगळ्यांना काच हवी होती.
मेस्ता, ह्या शिंपल्या तूच ने, म्हणायचे मालक.
पोत्यानं घरी यायच्या.
आम्ही त्यांवर पेन्सिलीनं पाढे लिहायचो,
थुंकी लावून पुसायचो.
सातच्या पाढ्याला अजून मला
खाडीचा वास येतो.

संध्याकाळी धक्क्यावर चोडणची फेरीबोट लागली.
रिकामी झाली, भरली, निघाली.
पलीकडे मयेची बस उभीच होती.

बाबा चौऱ्याऐंशीचे.
पेल्यावरची अक्षरं अंगठ्यानं चाचपली,
पेला बरा आहे म्हणाले.
खंय म्हणालीस? मनिला?
मग सगळं ऐकून घेतलं,
लक्ष्मण, आरमार, खिडकीवरचा हात,
आणि मी ताटं घ्यायला उठले तेव्हा विचारलं :
त्यांच्याकडे शिंपली खाचेत सरकवतात
की वरून पट्टी ठोकतात?
खाच असेल तर पावसात लाकूड फुगतं.
खालची बाजू सैल ठेवावी लागते,
फार नाही, दोन केसांएवढी.

दोन दिवस. बावीस निबंध.
हे मी कुणाला विचारलंच नाही.